परांची

रात्री साडेआठला, परळला, तिसऱ्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत
मी एका पेशीचा सांगाडा बघते.
टेट्राहायमिना. गोड्या पाण्यातला जीव, आकार पेरूचा,
पण पेरूच्या एका बीवर ओळीने पन्नाससाठ सहज मावतील.
अंगभर केस, आणि प्रत्येक केसाच्या आत पोकळ नळ्या:
कडेने नऊ जोड्या, मधोमध दोन.

नळी बांधून होते तेव्हा कोरी असते.
मग तिच्यावर हात फिरायला लागतात.
टोकाचं टायरोसिन कुणी छाटून नेतं,
शेपटाला ग्लुटामेटचे गोंडे कुणी बांधतं,
आणि आत, पोकळीच्या भिंतीवर,
चाळिसाव्या जागेवरच्या लायसिनला
ॲसिटिलचा एवढासा ठिपका लागतो.
जुन्या, टिकलेल्या नळीला खूप ठिपके,
कालच्या नळीला जवळजवळ नाहीतच.
प्रिस्का म्हणते, सर्व्हिस बुक गं, सरकारी.

माझे वडील परांची बांधायचे.
माझगाव, काळबादेवी, डोंगरीच्या बोळातली दुरुस्तीची कामं,
सहा-सहा मजले, खिळा एक नाही, नुसता काथ्या.
काम उतरलं की बांबूच्या बुडाला गेरूचा एक पट्टा मारायचे.
पाच पट्ट्यांचा बांबू डोळे झाकून खाली.
कोरा कितीही सरळसोट असो,
पहिल्या दिवशी त्यावर स्वतः चढायचे,
पोरांना चढू द्यायचे नाहीत.

आम्ही ती जागाच बदलली.
लायसिन काढलं, आर्जिनिन बसवलं,
ठिपक्याला टेकायला जागा उरली नाही.
चार महिने गेले त्यात, तीन फ्लास्क बुरशीने खाल्ले.
आणि आज ती पेशी पोहतेय.
गिरकी घेतेय, खातेय, एकीच्या दोन होतेय,
कालच्यासारखी, कुठल्याहीसारखी.
मी घड्याळ लावून मोजलं. दोनदा.

घरी, भटवाडीत,
अण्णा गुडघ्याला तेल चोळत बसले होते.
मोबाइलवर पहिला फोटो दाखवला, हिरव्या रांगांचा.
"बांधणी चांगलीय," म्हणाले. "काथ्या कुठाय?"
मग दुसरा, सगळा काळा.
"ही पडली?"
नाही.
"वाकली तरी?"
नाही, अण्णा.

बराच वेळ तेलाचा हात तसाच हवेत.
मला वाटलं, पट्ट्यांचं काही काढतील.
"मारतो कोण, तो ठिपका?"
एक एन्झाइम असतं. नळीत शिरून मारतं.
"आत शिरून?" हसले. "आत तर भुंगा शिरतो."
आणि बांबू पोखरलाय का
ते ऐकायला वाजवायचे तसं,
तेलकट बोटाच्या पेरानं
काचेवर दोनदा ठोकून
फोन कानाशी नेला.