उतरता पदर

देगलूरच्या पुढे, रस्ता तेलुगू बोलू लागतो
त्याच्या जरा अलीकडे एक बारव.
चौदा ट्रॉल्या गाळ निघाला.
चपला निघाल्या, बांगड्यांच्या काचा, दाराची एक कडी.
दगड निघाला नाही.

दगड म्हणजे पट्टीतला तुकडा, दोन फूट चार इंच.
पट्टी चारी भिंतींवरून फिरते:
पूर्वेच्या कीर्तिमुखाच्या जबड्यातून
दोन्हीकडे निघालेला दुपदरी गोफ,
प्रत्येक वेढ्याच्या पोटात हरभऱ्याएवढा खोलगा.
आणि पश्चिमेला, दोन्ही गोफ भेटायचे
नेमकं तिथं भगदाड.

संभाजीनगरहून नकाशा आला.
कॉम्प्युटरनं डावीकडचे चार वेढे उचलून
भगदाडात चिकटवलेले. सुबक.
सायन्नानं तो सुलटा धरला, उलटा धरला,
घडी करून डब्याखाली ठेवला
आणि भिंतीशी बसून बोटानं मोजू लागला,
ओकटी, रेंडू, मूडू...

मी टेप धरून उभी.

"बाई, डाव्या अंगानं या. कोन्ता पदर वर?"
उतरता.
"आता उजव्या अंगानं. डोळे मिटून."
नखात शेवाळ शिरलं.
उतरताच.
"मंग उघडा डोळे."

दोघे होते.
जबड्यापाशी पाठीला पाठ लावून निघाले असतील,
एक उत्तर धरून, एक दक्षिण,
एकाच गुरूचं एकच वाक्य घोकत:
उतरता पदर वर, उतरता पदर वर.
मध्ये पाणी. पाण्यावरून एकाची टाकी दुसऱ्याला ऐकू जात असणार.
शेवटच्या दगडाशी समोरासमोर आले
तेव्हा एकाचा उतार दुसऱ्याचा चढ होता.

चुकलं कोणीच नव्हतं.

शाळेत आम्ही गोफ विणायचो,
सोळा मुली, तुळईला बांधलेल्या सोळा दोऱ्या.
एकीचं पाऊल चुकलं की सगळ्यांनी उलट फिरायचं, सुटायचा.
दगडाला उलटी पावलं नाहीत.

"भांडले असतील का हो?"
"कामून? दगड तर लावलाच की कुनीतरी."
तंबाखू मळून झाली तरी त्यानं तोंडात टाकली नाही.
"सायबाच्या कागदावानी केलं
तर खोड सांध्यात जाती. चुन्यात. दिसायची नाय."
मग उठला, नव्या दगडाच्या बरोब्बर मधोमध
खडूची रेघ मारली.

पाचव्या दिवशी तिथं
एक पदर दोनदा वरून गेलेला,
दुसरा दोनदा खालून.
"खालचा कोणाचा, सायन्ना?"
"जो जेवाया गेला आसंल, त्याचा."

मोजणीवहीत मी लिहिलं: पट्टी, नवी, नग एक.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं.

भाद्रपदात परत गेले.
पाणी पट्टीच्या वीतभर खाली येऊन थांबलेलं,
आणि पाण्यातल्या गोफात
दोन्ही अंगांनी
चढता पदर वर.
एक बेडूक त्यातून आरपार पोहत गेला.