तिसऱ्या, अंदाजे एक वाटी

माझ्या फोनवर दोन ॲपं आहेत, शेजारी शेजारी,
एका चुलीवरच्या दोन जावांसारखी.
पहिलं लेकीनं पुण्याहून येऊन टाकलं,
साखरेचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात.
मी काय खाते ते तिला तिकडे दिसतं.
दुसरं शर्वाणीनं, आम्हा तिसऱ्या काढणाऱ्या बायकांसाठी,
खाडीत कधी उतरायचं
यावरून दर वेळी तोंडातोंडी नको म्हणून.

पहिलं विचारतं, काय खाल्लंस?
मी लिहिते, तिसऱ्यांचं सुकं.
त्याच्याकडे ते नाही.
ते पुढं करतं: शिंपले, डबाबंद, मिठाच्या पाण्यातले.
डबाबंद!
सकाळी कर्लीच्या गाळात पायाच्या अंगठ्यानं चाचपून काढल्या,
आडाळ्यावर एकेक फोडली,
बोट कापलं ते अजून चुरचुरतंय.
मग खोबरं किती, म्हणतं.
पाव कवड, लिहिते मी.
कवड त्याला कळत नाही.
देवबागेत ग्रॅमवर खोबरं कोण किसतं?
ठोकून देते एक आकडा. ते खूश.

दुसऱ्याला खाण्याशी देणंघेणं नाही.
त्याचं एकच, कधी?
नऊ नावं, सात दिवस.
हिरवी टिकली म्हणजे येते,
तांबडी म्हणजे घरात पाहुणे, नाहीतर कंबर.
मागच्या खेपेला त्यानं निकाल लावला:
गुरुवार, दुपारी चार, आठ जणी मोकळ्या.
गुरुवारी षष्ठी. षष्ठीची पाऊणपट साडेचार.
म्हणजे आम्ही उतरणार तेव्हा पाणी गळ्याशी.
इंदुमती कुबल म्हणाली,
"अगो, दर्याक कोणी इचारल्यान काय?
तेचा नाव खंय हा हेच्यात?"
शर्वाणीनं खरंच दहावं नाव घातलं, दर्या.
तो टिकली लावत नाही.
त्याच्या वतीनं आम्हीच लावतो, कालनिर्णय बघून.

लेक विचारते, कुठलं जास्त उपयोगाचं?
मी म्हणते, दोन्ही मेली अर्धवट.
एकाला मी दिसते, पण माझ्या पंगतीला कोण ते दिसत नाही.
दुसऱ्याला सगळ्या दिसतात,
पण कोण उपाशी आली ते विचारत नाही.
शब्द मात्र दोघांचा एकच.
रात्री पहिलं म्हणतं, आज तीनशे दहा शिल्लक.
दुसरं म्हणतं, एक उत्तर शिल्लक.

ते एक उत्तर द्वारका मेतरचं.
तांबडी नाही, हिरवी नाही,
सातही दिवस पांढरे.
पहिल्या दिवशी वाटलं, रिचार्ज संपला असेल.
तिसऱ्या दिवशी चप्पल घातली.

मागच्या पडवीत बसली होती, जाळ्याचं एक टोक मांडीवर.
मुलगा मडगावला लागला, म्हणाली, महिना झाला.
फोन तांदळाच्या डब्यावर, चालू.
डब्याखाली चूल, तिच्यात राखसुद्धा जुनी.
"जेवलंस?"
"एकटेपुरता काय रांधूचा?"

मी काही बोलले नाही.
उकडे तांदूळ धुतले, पेज चढवली,
निखाऱ्यावर सुका बांगडा टाकला.
त्या वासानं शेजारचं मांजर आलं,
त्याच्यामागं शेजारीण.
द्वारका दोन वाट्या जेवली.
दुसरी मी वाढली नव्हती,
तिनंच वाटी पुढं केली.

रात्री पहिल्या ॲपनं विचारलं, पेज किती?
माझी एक वाटी लिहिली.
मग तिच्या दोन राहिल्या, त्या कुठं लिहायच्या?
तिचं खातं नाही.
माझ्यातच टाकल्या, बांगडासुद्धा.
आकडा तांबडा झाला, मर्यादा ओलांडली म्हणे.

सकाळी दुसऱ्यात एक टिकली आली होती,
बुधवार, पहाटेची सुकती.
ती बघत होते तेवढ्यात लेकीचा फोन.
आई, काल एवढं काय खाल्लंस?
दोघींचं, म्हटलं.
ती जरा थांबली.
तसं लिहायची सोय नाही गं त्यात, म्हणाली.