जातीचा रकाना

आरेच्या मागल्या अंगाला, गोठ्यांच्या पलीकडे,
रात्री साडेदहाला बॅटऱ्या विझवून आम्ही बसायचो :
तुस्कानोबाई, मी, आणि बाईंचा तो टेपरेकॉर्डर
ज्याचं झाकण मी रबरबँडानं बांधलेलं.
घाणेरीच्या एकाच झुडपात दोन रातकिडे.
एकाची किर्र सलग,
पाय न उचलता शिलाई मशीन चालवावी तशी.
दुसरा थांबत थांबत,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा.

भिंगाखाली दोघं सारखेच.
तोच तपकिरी रंग, पंखाखाली तीच करवत, मिशाही तेवढ्याच लांब.
रजिस्टरात ‘जात’ या रकान्यात
मी पहिल्याचं नाव लिहिलं, दुसऱ्यासमोर ‘सदर’.
बाई म्हणाल्या, खोडा ते, नारकर.
आपण नाही ठरवायचं. तिला विचारायचं.

ती म्हणजे मादी.
अंड्यांच्या ट्रेमध्ये गाजराच्या चकत्यांवर वाढलेली,
नराचा आवाज कधी न ऐकलेली.
लांब खोक्याच्या मधोमध ती, दोन टोकांना दोन स्पीकर.
हिचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याखाली.
तिनं पाय रोवले. ऐकलं.
आणि सरळ निघाली उधारीवाल्याकडे.
चाळीसपैकी अडतीस जणी अशाच, आपापल्या गाण्याकडे.
दोघी जागच्या हलल्या नाहीत.
त्यांचंही मी लिहिलं.

बाई चहात खारी बुडवत सांगायच्या :
कधीकाळी एकच घर होतं हे. मग मध्ये काहीतरी आलं.
खाडी असेल, डोंगर असेल, नुसताच कोरडा काळ असेल.
भांडण नाही झालं हो.
फक्त भेट नाही झाली.
इकडची लय इकडे सरकत गेली, तिकडची तिकडे,
आणि मधली खाडी बुजली तेव्हा
समोरासमोर आले, नि ओळख पटेना.
तुटल्याची तारीख शोधू नका, नारकर. तारीख नसते.

एकदा आम्ही दोन्हीकडचे एका डब्यात कोंडले.
ओल्या वाळूत शंभरावर अंडी, फुटली अकरा,
जगला एक नर. खोका नंबर सत्तावीस.
त्याचं गाणं ना धावतं ना थांबतं,
मध्येच जीभ जड व्हायची त्याची.
सात रात्री गायला.
इकडची वळली नाही, तिकडचीही नाही.
अंधार झाला की सुरू व्हायचा,
म्हणून आठव्या रात्री मी लाइट चालूच ठेवून घरी आलो.
सकाळी बाई ओरडल्या. बिलावरून, असं मी धरून चाललो.

त्याच साली आमच्या सुचेतानं नागसेनशी लग्न केलं.
राजापूरहून भावाचं पत्र : जात वेगळी आहे, विसरलास काय?
मी लग्नाला गेलो नाही.
लॅबमध्ये होतो. माद्या मोजत.

दुपारी हात धुताना विचारलं :
बाई, जात म्हणजे नक्की काय?
त्यांनी नळ बंद केला.
ज्यांना मूल होतं, आणि त्या मुलाला पुढे मूल होतं,
ती एक जात. ढोबळ व्याख्या आहे, भोकं आहेत तिला.
मग टॉवेल माझ्याकडे देत :
बाकीची नावं किडे ठेवत नाहीत.

बाई गेल्या. रजिस्टरं वाळवीनं नेली.
सुचेताच्या दारात उभं राहायला मला चार वर्षं लागली,
आणि दार तिनं लगेच उघडलं, याचं अजून ओझं आहे.

परवा नातीला मुलगी झाली, कांदिवलीच्या दवाखान्यात.
नर्सनं फॉर्म दिला भरायला.
म्हातारा हात, जुनी सवय,
एका रकान्याशी येऊन पेन अडलं.
तेवढ्यात ती रडली,
सलग नाही, थांबूनही नाही,
आणि वॉर्डातल्या सगळ्या बायांच्या माना वळल्या.