गळका नळ

रोसारियोतला जानेवारी. सकाळी आठलाच बाकं तापलेली.
फाटकाशी अकरा मुलं, चार दुर्बिणी
आणि नेलिदाबाई,
तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेल्या,
पक्ष्यांनाही पत्त्यासकट ओळखणाऱ्या.

फाउस्तो दुर्बीण उलटी धरतो.
सगळं जग लांब जातं. त्याला तेच आवडतं.
यादीत आतापर्यंत: कबुतर, कबुतर,
एक पोपट, बहुधा.

मग दिव्याच्या खांबावर मातीचं घर,
फुटबॉलएवढं, अर्धंच बांधलेलं.
"ओर्नेरो," नेलिदाबाई वही उघडतात, "म्हणजे भट्टीवाला.
वजन साधारण..."

"गवत कालवतोय तो."
मागून नायरा. तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली.
"नुसती माती वाळताना तडकते.
माझे बाबा विटा पाडतात."

वही मिटते.

पण पाऊस नाही महिनाभर, चिखल आणतो कुठून?
नायरा बोट दाखवते: पिण्याच्या नळाखाली
हातभर ओल, आणि त्यात तो तांबूस,
दोन पावलं चालून थांबणारा,
कामावर उशिरा पोचलेल्या माणसासारखा,
चोचीत हरभऱ्याएवढा गोळा.

नळावर पालिकेची पाटी: घट्ट बंद करा.

निघताना सगळे रांगेत पाणी प्यायले.
शेवटी नायरा.
तिनं नळ बंद केला,
जवळजवळ.

मी नेलिदाबाईंकडे पाहिलं.
त्या नेमक्या तेव्हाच दूरच्या झाडावर
दुर्बीण रोखून उभ्या होत्या,
भिंगांची झाकणं न काढता.