एकाच नावानं

गुरुवारी पोहण्याच्या तलावामागची खोली माझी.
एक खुर्ची, कोमट पाण्याचं घमेलं, कानस, चिमटे,
खिडकीत फ्योर्डचं शिसं झालेलं पाणी.
नोव्हेंबर. दुपारचे तीन, आणि दिवस आवरत आलेला.

स्वानहिल्दुर मोजा काढत नाही.
आधी हवामान सांगते, मग भाचीच्या बाळाचं नाव,
मग म्हणते, तू हसशील.
दिवसभर पायच बघते मी, म्हटलं,
हसण्यासारखा अजून आला नाही.

उजवा अंगठा.
नख पिवळं, जाड, जुन्या मेणासारखं,
कडेनं बोटापासून सुटलेलं, खाली खडूची पूड.
"मी अस्वच्छ नाही," ती म्हणाली,
कुणी काही बोललं नसताना.

बुरशीला घाणीचं कौतुक नसतं.
तिला हवी ऊब, ओल, बंद दार
आणि न बघणारं माणूस.
तुझी चाळीस वर्षं सांग.

पहाटे पाचपासून मासळीच्या कारखान्यात,
कॉडच्या मांसातले किडे वेचत.
वर हात बर्फ झालेले,
खाली रबरी बुटात लोकरीचे दोन-दोन मोजे
आणि पाय आपल्याच घामात शिजत.
सुटी झाली की तलाव. सगळं गाव तलावात,
ओल्या फरशीवर अनवाणी,
सगळ्यांच्या पायांचं पाणी एकाच जाळीकडे.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या?
होत्याच की. खाजवल्या, विसरले.
रक्तात साखर?
सहा वर्षं झाली.
आणि वय.
रक्त आता तळपायापर्यंत उतरायचा कंटाळा करतं,
नख वाढायचं लांबवतं,
आणि जे हलत नाही तिथं कुणीही बिऱ्हाड थाटतं.

पण मग हाच अंगठा का?
डावा तर धडधाकट.
"ह्याला कधी मार बसला होता?"

ती घमेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिली.
हाल्वार्दुर गेला त्या हिवाळ्यात माझे बूट फाटले.
नवे घ्यायचं मनात नव्हतं. त्याचेच घातले.
दोन नंबरांनी मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबून.
धक्क्याकडच्या उतारावर पाय पुढे जायचा,
अंगठा आपटायचा, दर पावलाला.
काळं पडलं, गळून गेलं, आलं ते असं.

त्याला होतं?
"लग्नापासून. मोजे घालूनच निजायचा.
पण एकतीस वर्षं शेजारी झोपले, मला नाही झालं."

तोवर दार बंद होतं, मी म्हणाले.
ते बूट टाकून दे.
बुटात ती महिनोन्‌महिने तग धरते, उपाशी.

"म्हणजे तो गेल्यावरही
बुटात त्याचं काहीतरी जगत होतं."

तसं नाही, म्हणायला हवं होतं.
फरशीवरूनही आली असेल, मोज्यातून, कुठूनही,
कुठून ते छातीठोक कुणीच सांगू शकत नाही.
मी कानस उचलली.

पिवळं दिसलं म्हणजे बुरशीच, असंही नसतं.
म्हणून नखभर तुकडा, थोडा भुगा
राजधानीला तपासायला जातो,
आणि ठरलंच तर औषध, महिनोन्‌महिने.
नवं नख तळापासून वर यायला
वर्ष लागतं, कधी दीड.

पाकिटावर तिचं नाव लिहिलं, तारीख घातली.
मोजा चढवता चढवता ती वाकून वाचू लागली.

"एकाच नावानं पाठवतेस?"