डावरी धार

जैनुद्दीन परकार जहाजावरून उतरला
की पहिल्याच आठवड्यात आमच्या भट्टीवर येतो.
कधी विळीचं पातं, कधी म्हातारीचा अडकित्ता.
या खेपेला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट,
लाकडी म्यानात, म्यानाला वेताच्या गाठी.

'बोलो म्हणतात ह्याला,' तो म्हणाला.
'रोहेलिओचा. आमच्या इंजिनातला, फिलिपिन्सचा.
मूठ फुटलीय, तेवढी बघा.'

मामंजींनी हात पंचाला पुसले
आणि पातं आधी नाकाशी नेलं.
(ते लोखंड हुंगतात.
का, ते मला बारा वर्षांत कळलेलं नाही.)
मग नखानं टिचकी मारून कानाशी धरलं.
'कमानपाटा,' म्हणाले. 'ट्रकचा. आपल्यासारकाच.'
एवढं बोलून बराच वेळ
नुसते उलटंपालटं करत राहिले.

आपला कोयता आत वाकतो,
माडाच्या झावळीला कवेत घेतो, ओढून कापतो.
ह्या पात्याला पोट होतं,
सगळं वजन पुढे, मागे निमुळती कंबर,
सातव्या महिन्यातली बाई उतरण उतरते तसं.
'ह्यो वडायचा नाय. टाकायचा,' मामंजी म्हणाले.
'हात सैल सोडायचा. काम वजन करतंय.'

मूठ रेड्याच्या शिंगाची,
टोकाला कुठल्याशा जनावराचं तोंड कोरलेलं,
हाताळून हाताळून इतकं झिजलेलं
की कुत्रं का मगर, सांगता येईना.
निखाऱ्याजवळ धरली तशी आतली राळ सुटली
आणि पालशेतच्या आमच्या लोहारसाळेत
क्षणभर देवळाचा वास आला.

आतल्या शेपटीवर छिन्नीच्या दोन आडव्या रेघा.
मूठ बसली की कोणाला दिसू नयेत अशा जागी.
मामंजींच्या कोयत्यांना तीन टिंबं असतात,
तीही मुठीच्या आतच.
ते काही बोलले नाहीत.
अंगठा त्या रेघांवर ठेवून माझ्याकडे बघितलं.
भाता थांबला होता, म्हणून असेल.

मग धार उजेडाकडे केली.
एक अंग सपाट, दुसरं उतरतं.
'ह्याचा धनी डावरा व्हता.'

जैनुद्दीनचा चहा बशीतच राहिला.
'त्याचा बाप. खोबरं सुकवायचा.
पण हे मी तुम्हाला कधी बोललो?'

'तू नाय. ह्यो बोलला.'

मी डावरी.
वाढताना, कुंकू लावताना, तीर्थ घेताना
किती जणींनी माझा हात मागे ओढलाय.
भात्याला कुठलाही हात चालतो,
तिथे कोणाची हरकत नव्हती.
पण आमच्या घरच्या कोयत्यांची धार उजव्यांसाठी लावलेली.
मी शहाळं तासायला घेतलं की पातं बाहेर निसटतं.
अंगठ्याखाली दोन व्रण आहेत.
घरात त्यांचा विषय निघत नाही.

मामंजींनी मूठ तीच ठेवली.
चिरेवर तांब्याची कडी चढवली, आत लाख ओतली.
'दुसरी घातली तर वजन बिघडंल.'
धारेला हात लावला नाही.
दीडशे रुपये घेतले.
जाता जाता जैनुद्दीन बोलला,
रोहेलिओला इकडचा एक कोयता हवाय,
काय करणार कोण जाणे, आता मनिलात दुसऱ्या मजल्यावर राहतो.

चार दिवसांनी कमानपाटा तापला.
एक कोयता झाला, लगेच दुसरा लागला.
पहिल्यावर तीन टिंबं ठोकली, तेल लावलं,
जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळला.
दुसऱ्याला कानस लावताना म्हणाले,
'धर. असा नाय.
तुझ्या हातानं धर.'

धरला.
कानशीचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा वाटला,
कदाचित मी उलट्या बाजूला बसले होते म्हणून.

टिंबं किती ठोकायची ते त्यांनी सांगितलं नाही.
टोच्या आणि लहान हातोडी माझ्या पुढ्यात ठेवली
आणि बिडी शिलगवायला बाहेर गेले.