ठणठणीत

अण्णा बोकड घेतात ते दात बघून.
मग डोळा. मग नाकाला बोट, ओलं पाहिजे.
मग पाठीवरून हात, मानेपासून शेपटीपर्यंत,
आणि म्हणतात, "घे बांधून."
हाळीच्या बाजारात चाळीस वर्षं झाली,
आजारी जनावर त्यांच्या दाव्याला आलं नाही.

मी उदगीरला प्रयोगशाळेत काचेच्या बशा धुते,
बघून बघून कापसाची काडी फिरवायलाही शिकले.
एका पहाटे फिरवली
बोकडाच्या पोटाखालच्या केसांवर,
ओंडक्यावर, सुरीच्या मुठीवर,
आणि अण्णांच्या तळहातावर.
"काय करूलालीस गं, गुदगुल्या होऊलाल्यात."

दुसऱ्या दिवशी चारही बशांत
तेच हिरवे ठिपके, चमकणारे,
पोळ्याला शिंगांवर लावतात ते बेगड जसं.

"म्हंजे माझं बोकड बिमार होतं?"
नाही अण्णा. बोकड ठणठणीत.
त्याच्या आतड्यात हे सुखानं नांदतात,
त्याला खबरही नसते.
सोलताना केसाचं मांसाला लागतं,
मांसाचं सुरीला, सुरीचं...

अण्णांनी सोजरमावशीला अर्धा किलो तोलून दिलं.
मग माझ्याकडं न बघता म्हणाले,
"माझ्या आज्याला गावात कुणी शिवून घेत नव्हतं.
आता तू मला शिवाशिव शिकवूलालीस?"

मला आखाडातली बिरादारांची नात आठवत होती.
मटण रटरटून शिजलं होतं, सगळ्यांनी खाल्लं.
तिनं नुसती काकडी खाल्ली,
त्याच विळीवर चिरलेली.
रक्ताची हगवण, मग लघवी बंद, मग लातूर.
आमच्या दुकानाचं नाव कुणी काढलं नाही,
शिव्या बसल्या नळाच्या पाण्याला,
ते दहा दिवसांनी येतं, त्याला शिव्यांची सवय आहे.
मीही तेव्हा मान हलवली होती.

"ही निराळी, अण्णा," मी म्हटलं.
"ही धुतली की जाते."

त्यावर ते हसले की काय, कळलं नाही.
पण आठवड्यानं दुकानात दुसरी सुरी आली,
मुठीला लाल दोरा, फक्त कातड्यासाठी.
कोपऱ्यात उकळतं पातेलं.
गिऱ्हाईक म्हणतं, "चहा टाकलाय का?"

काल नवं बोकड आलं. दात, डोळा, नाक.
पाठीवरून हात फिरला,
आणि तेवढ्यात माझी भाची धावत सुटली गळ्यात पडायला.
अण्णा दोन्ही हात वर करून उभे,
पोलिसानं धरल्यासारखे,
"थांब माय, थांब जरा,"
डोळ्यांनी साबण शोधत.